बोरीबंदर पाडून व्हीटी बांधली का, आणि आपल्या कापसाच्या गाठी मुंबईत नेमक्या उतरायच्या कुठं?

भाऊ, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी बरोबर समजलो की नाही ते तुम्हाला कळेल. धामणगावच्या बाजूला तुमचं गाव. वाचनालयाच्या स्मरणिकेत तुम्हाला गावच्या कापसाचा इतिहास लिहायचा आहे. घरच्या ट्रंकेत आजोबांच्या वेळचे रेल्वेचे जुने कागद सापडले. त्यांवर जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचं नाव आहे, वजन मणांत आहे आणि माल कुठं जायचा त्या जागी हातानं 'वाडी बंदर' लिहिलंय. घरात मात्र सगळे म्हणतात, पणजोबा गाठी घेऊन बोरीबंदरला जायचे. मोठे काका म्हणतात, बोरीबंदर नव्हे, कुलाबा. त्यात कुणीतरी सांगितलं की बोरीबंदर पाडूनच व्हीटी बांधली, आणि पहिली आगगाडी व्हीटीतूनच सुटली. यातलं खरं काय आणि छापायचं काय, असं तुम्ही विचारलंय.

माझी नोकरी रेल्वेच्या मालखात्यात झाली, बहुतेक वर्षं आपल्याच भागातल्या मालधक्क्यांवर. निवृत्तीनंतर गावोगावच्या लोकांचे असे जुने कागद वाचून देतो. त्यावरून सांगतो, तुमच्या घरातले सगळे जण बरोबर असू शकतात. भांडण होतं ते माणूस कुठं उतरला, माल कुठं उतरला आणि कापूस कुठं विकला, या तीन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली घातल्यामुळं.

आधी बोरीबंदरचं सांगतो. १६ एप्रिल १८५३ ला दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी निघाली. १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, आणि ओढायला साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं. २१ तोफांची सलामी झाली. अंतर ३४ किलोमीटर. तेव्हा आज दिसते ती घुमटाची इमारत नव्हतीच. तिचा पाया घालायलाही अजून पंचवीस वर्षं होती. होतं ते एका छोट्या मार्गाच्या टोकाला लागेल तेवढं साधं स्टेशन. म्हणून 'पहिली गाडी व्हीटीतून सुटली' हे वाक्य छापू नका. घुमटापुढं वाफेचं इंजिन उभं असलेला फोटो '१८५३' म्हणून फिरतो, तोही घेऊ नका. 'आज व्हीटी जिथं आहे त्या भागातल्या बोरीबंदर स्टेशनातून' असं लिहिलं तर कुणाला बोट ठेवता येणार नाही.

आता हे आपल्या वऱ्हाडाशी कसं जुळतं ते पाहा, कारण तुमच्या लेखाचा खरा गाभा इथं आहे. पहिली गाडी एप्रिल १८५३ ची. त्यानंतर चारच दिवसांनी, २० एप्रिलला, गव्हर्नर जनरल डलहौसीनं हिंदुस्थानात मोठे रेल्वेमार्ग कुठून कुठं न्यावेत यावरचं आपलं प्रसिद्ध टिपण लिहिलं. आणि पुढच्याच महिन्यात, मे १८५३ मध्ये, निजामाशी तह होऊन वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती आला. एका वसंतात तीन गोष्टी. मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकेशिवाय दुसरीकडचा कापूस हवा होता, आणि तो इथल्या काळ्या जमिनीत पिकत होता. त्याआधी आपला कापूस बैलांच्या पाठीवर लादून जायचा. त्यातला बराचसा तर मुंबईकडं न जाता उत्तरेला मिर्झापूरला, गंगेच्या काठी जायचा. वाटेत पाऊस, धूळ, काटेकुटे. पोचेपर्यंत मालाचा रंग गेलेला असायचा आणि भावही.

मुंबईहून इकडं यायला आडवा होता थळघाट, म्हणजे आजचा कसारा घाट. कल्याणपर्यंत गाडी १८५४ मध्येच पोचली होती, पण घाट चढून इगतपुरीला यायला १८६५ चा जानेवारी उजाडला. चढ ३७ फुटांना एक फूट, मध्येच गाडीची दिशा उलटी करायचं स्टेशन, बोगदे आणि पूल. घाट सुटल्यावर मात्र काम भराभर झालं. भुसावळ, शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा, धामणगाव, पुलगाव, वर्धा असं करत १८६७ मध्ये रूळ नागपूरला टेकले. १८७० मध्ये जलंबहून खामगावला फाटा निघाला, त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले होते. पुढच्या वर्षी बडनेऱ्याहून अमरावतीचा फाटा झाला. हे दोन्ही फाटे कापसाच्या बाजारपेठा गाठायलाच काढलेले.

एक गोष्ट इथं नीट सांगायला हवी, कारण ती जवळपास प्रत्येक स्मरणिकेत चुकीची छापलेली मी पाहतो. 'अमेरिकेतल्या युद्धामुळं वऱ्हाडात रेल्वे आली' असं लिहितात. ते यादवी युद्ध १८६१ ते १८६५; त्यात अमेरिकेचा कापूस अडला आणि आपल्याकडचे भाव चढले. रेल्वेची आखणी त्याच्या कितीतरी आधीची, आणि रूळ इथं पोचले तेव्हा युद्ध संपून भावही पडले होते. युद्धानं घाई वाढवली, पैसा आणला, एवढं खरं. पण कारण तेच एक, असं लिहू नका.

आता बोरीबंदर का बदलावं लागलं ते सहज कळेल. जे स्टेशन ठाण्याला जाणाऱ्या गाड्यांसाठी उभं केलं, त्याच्यावर अठरा वर्षांत काय येऊन पडलं ते मोजा. १८६७ मध्ये नागपूर. १८७० मध्ये जबलपूर, म्हणजे तिथून पुढं अलाहाबादमार्गे थेट कलकत्ता. १८७१ मध्ये रायचूर, म्हणजे मद्रासकडची गाडी. त्यात १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडला आणि विलायतेची बोट मुंबईला लवकर येऊ लागली. उतारू, टपाल, लष्कर, साहेबांची कचेरी, सगळं त्या एका टोकावर. मधलं स्टेशन अपुरं पडलं तर शेजारी एक जादा रूळ (लूप) टाकून निभावता येतं. टोकाच्या स्टेशनचं तसं नसतं. तिथं आलेली प्रत्येक गाडी थांबते, इंजिन सुटतं, रिकामे डबे बाजूला काढावे लागतात, आणि तोवर तो फलाट अडलेला राहतो. गाड्या वाढल्या की आधी टोक गुदमरतं. आम्ही हे छोट्या फाट्यांच्या शेवटच्या स्टेशनांवरही पाहिलंय.

'पाडून बांधलं का' याचं उत्तर म्हणून सरळ हो किंवा नाही म्हणता येत नाही. चालतं टर्मिनस एक दिवसही बंद ठेवता येत नाही. आपण राहतं घर जसं एकेक खण मोकळा करत मोडून बांधतो, तसंच ते करावं लागतं. नव्या कामाला १८७८ मध्ये सुरुवात झाली. आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा. त्यांच्या हाताखाली सीताराम खंडेराव वैद्य हे सहायक अभियंता होते. १८८२ च्या पहिल्या दिवशी नवं स्टेशन गाड्यांसाठी उघडलं. १८८७ मध्ये राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली, त्या निमित्तानं त्याला व्हिक्टोरिया टर्मिनस हे नाव मिळालं. कचेऱ्यांची भव्य इमारत पुरी व्हायला १८८८ उजाडलं. खर्च १६ लाख रुपयांच्या वर गेला.

कुठं १८८२, कुठं १८८७, कुठं १८८८ असं वाचून तुम्ही गोंधळात पडला होतात, त्याचा उलगडा हाच. एक साल गाड्यांचं, एक नावाचं, एक इमारतीचं. तुम्ही तिन्ही द्या, एका वाक्यात बसतात.

आणि आपण जिच्याकडं पाहून 'स्टेशन' म्हणतो ती घुमटाची इमारत मुळात जी.आय.पी. कंपनीचं मुख्यालय. गाड्या थांबतात त्या तिच्या शेजारच्या छपराखाली. दर्शनी भिंतीवर गोल चौकटींत कंपनीच्या संचालकांचे चेहरे कोरलेले आहेत, त्यांत जगन्नाथ शंकरशेठ आणि जमशेटजी जीजीभाई हे दोन आपले. फाटकाच्या खांबांवर एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला वाघ. दगडावरच्या कोरीव कामात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा मोठा हात आहे. लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी आणखी फलाट १९२९ मध्ये वाढवले. नाव १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं, २०१७ मध्ये त्यात 'महाराज' आलं. पण तुमच्या पणजोबांच्या पिढीनं व्हीटी म्हटलंच नाही. पाटी बदलून पन्नास वर्षं झाली तरी आपल्याकडचा माणूस तिकीट 'बोरीबंदर'चंच मागायचा. म्हणून घरच्या आठवणीत बोरीबंदर आलं, एवढ्यावरून ती आठवण १८८७ च्या आधीची ठरत नाही. सालाचा अंदाज कागदावरून करायचा, बोलण्यावरून नव्हे.

आता कागद. माझं खरं काम इथं सुरू होतं.

तुम्ही त्यांना बिल्टी, म्हणजे रेल्वेनं दिलेली मालाची पावती, म्हणालात. पण एक विचार करा. माल चढवला की स्टेशनचा मालबाबू पाठवणाऱ्याला बिल्टी देतो. पाठवणारा ती टपालानं किंवा बँकेमार्फत मुंबईच्या अडत्याला धाडतो. अडत्या ती मालधक्क्यावर जमा करतो तेव्हा कुठं त्याला गाठी मिळतात. म्हणजे मूळ बिल्टी रेल्वेकडं परत जाते, ती गावातल्या ट्रंकेत राहायला नको. राहिली असेल तर तीन शक्यता. एक, ती बिल्टी नसून माल चढवताना भरून द्यायच्या अर्जाची पाठवणाऱ्याकडची नक्कल असेल. दोन, अडत्यानं पाठवलेली हिशेबपट्टी असेल, ज्यात भाडं, हमाली, अडत वजा करून शिल्लक लिहिलेली असते. तीन, बिल्टी वेळेवर पोचली नाही म्हणून हमीपत्र लिहून देऊन माल सोडवला असेल, आणि बिल्टी मागाहून घरी परत आली असेल. तिसरं क्वचित घडायचं, पण घडायचं. तुमच्याकडं यांपैकी काय आहे ते पाहिल्याशिवाय मी ठाम सांगणार नाही. कागदावर 'भाडं भरलं' की 'भाडं देणं', डब्याचा नंबर, गाठींवरचा मार्का आणि नगांची संख्या असे रकाने असले तर ती बिल्टी किंवा तिची नक्कल. नुसती रकमांची बेरीज-वजाबाकी असली तर हिशेबपट्टी.

मागची बाजू जरूर पाहा. बिल्टी सही करून दुसऱ्याच्या नावे करता येते, म्हणून पाठीवर एकाखाली एक सह्या असतात: पाठवणारा, सावकार किंवा बँक, मग अडत्या. त्या बऱ्याचदा मोडीत किंवा मारवाडी व्यापाऱ्यांच्या लिपीत असतात. शाईचा पसरट ओघ पाहून लोकांना तो डाग वाटतो आणि ते फक्त पुढच्या बाजूचा फोटो काढतात. पण तुमच्या गावचा कापूस कोणाच्या पैशावर मुंबईला जात होता, ते त्या मागच्या सह्याच सांगतात.

कागदाचा काळ ठरवायला माझी पद्धत सोपी आहे. रेल्वेचं नाव जी.आय.पी. असेल तर कागद नोव्हेंबर १९५१ च्या आधीचा, कारण तेव्हा मध्य रेल्वे झाली. जुने फॉर्म संपेपर्यंत वापरायचे, म्हणून एखाद-दोन वर्षं इकडंतिकडं धरा. भाडं रुपये-आणे-पैत असेल तर एप्रिल १९५७ च्या आधीचा. वजन मणांत असणं हे त्याच काळाचं लक्षण. मुंबईच्या बाजारात कापसाचा भाव मात्र खंडीवर बोलायचे, आणि ती खंडी ७८४ पौंडांची, म्हणजे ३९२ पौंडांच्या पक्क्या दोन गाठी. हिशेबपट्टीत भाव आणि वजन जुळत नाही असं वाटलं तर हा आकडा लावून पाहा.

आता वाडीबंदर, बोरीबंदर आणि कुलाबा. वाडीबंदर हे जी.आय.पी.चं मुंबईतलं मालाचं ठिकाण. गाठी तिथंच उतरायच्या, उतारूंच्या फलाटावर नव्हे. याचं कारण जागेइतकंच आगीचंही. मी नोकरीला लागलो तेव्हा गाठींचे डबे अजून भरत होते, त्यामुळं हे जवळून पाहिलंय. गाठ प्रेसमध्ये दाबून लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली असते, वरून तागाचं कापड. बाहेरून दगडासारखी वाटते. पण एखादी ठिणगी कापडाच्या फटीतून आत गेली तर ज्वाळा दिसत नाही, आतल्या आत धुमसत राहते, आणि पाणी मारलं तरी आत पोचत नाही. म्हणून धक्क्यावर विडी ओढायला बंदी असायची, डब्याची दारं नीट बसली की नाही ते सील लावण्याआधी हात फिरवून पाहावं लागायचं. वाफेच्या इंजिनांच्या काळात असा माल उतारूंच्या गर्दीपासून दूर ठेवणं हाच शहाणपणा होता.

तुमचे पणजोबा मात्र उतारूच. गाठींबरोबर त्याच डब्यात बसून कुणी जात नाही. ते धामणगावला तिसऱ्या वर्गाचं तिकीट काढून बसले असतील, बोरीबंदरला उतरले असतील आणि तिथून अडत्याच्या पेढीवर गेले असतील. माल मागाहून वाडीबंदरला आला असेल.

कुलाबा हा बाजार. मुंबईचा कापसाचा बाजार १८४४ मध्ये कोटातल्या, म्हणजे फोर्ट भागातल्या, मैदानातून कुलाब्याला हलवला होता. तिथल्या मोकळ्या जागेत गाठींच्या थप्प्या लागायच्या, नमुने काढले जायचे, सौदे व्हायचे. पुढं १९२० च्या दशकात तो बाजार शिवडीला गेला. हार्बर मार्गावरचं कॉटन ग्रीन स्टेशन त्याच भागातलं. म्हणून काकांच्या आठवणीत कुलाबा पक्कं असेल, तर ती हकिगत शिवडीच्या आधीची असण्याचा संभव जास्त. घरच्या आठवणीला साल लावायला तुमच्याकडं हाच सगळ्यात चांगला धागा आहे. काकांना विचारा, त्यांच्या वडिलांनी शिवडीचं नाव कधी काढलं होतं का.

कुलाब्याला स्वतःचं टर्मिनसही होतं, पण ते दुसऱ्या कंपनीचं, बडोद्याकडून येणाऱ्या बी.बी. अँड सी.आय.चं (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचं). ते १८९६ मध्ये उघडलं. डिसेंबर १९३० मध्ये मुंबई सेंट्रल सुरू झालं आणि त्याच महिन्याच्या अखेरीला कुलाबा बंद केलं, चर्चगेटच्या पुढचे रूळही काढून टाकले. 'स्टेशन गेलं' असं खरोखर कुठं म्हणता येत असेल तर ते कुलाब्याबद्दल. बोरीबंदर त्या अर्थानं गेलं नाही, ते जागेवरच मोठं होत गेलं. वऱ्हाडचा माल या दुसऱ्या कंपनीच्या मार्गानं कुलाब्याच्या स्टेशनात जात नव्हता, त्यामुळं काकांचं कुलाबा म्हणजे स्टेशन नव्हे, बाजार, हे लेखात स्पष्ट लिहा.

आपल्याच नागपूरचं उदाहरण जोडलंत तर वाचकांना पटेल. १८६७ मध्ये नागपूर हे मार्गाचं शेवटचं टोक होतं. १८८० च्या दशकात तिथून छत्तीसगडकडं मीटर गेज निघाली, मग बंगाल नागपूर कंपनीनं ती घेऊन मोठी केली, आणि टोकाचं जंक्शन झालं. आज उभी आहे ती सावनेरच्या दगडाची इमारत १५ जानेवारी १९२५ ला गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांच्या हस्ते उघडली. म्हणजे तिथंही गाडी आधी आली आणि दिमाखदार इमारत दोन पिढ्यांनी. यवतमाळच्या वाचकांसाठी एक ओळ टाका की शकुंतला, म्हणजे मूर्तिजापूर-यवतमाळची छोटी गाडी, सुरू होण्याआधी त्यांचा कापूस बंड्यांनी धामणगावच्या स्टेशनवरच यायचा. त्या रस्त्यावर तुमचं गाव असेल, तर त्या बंड्या कुठं मुक्काम करायच्या, बैलांना पाणी कुठं पाजायचे, हे गावातल्या म्हाताऱ्यांना आत्ताच विचारून ठेवा. व्हीटीची माहिती कुणालाही मिळेल, ही फक्त तुम्हालाच मिळणार आहे.

छापताना व्हीटीचा फोटो एक पुरे. त्यापेक्षा ट्रंकेतल्या कागदाच्या दोन्ही बाजू पानभर मोठ्या छापा. कागद घडीवर फाटत असेल तर चिकटपट्टी लावू नका, ती काही वर्षांत पिवळी पडून शाई ओढून घेते; दोन कोऱ्या कागदांच्या मध्ये सपाट ठेवा. फोटो सावलीत, दिवसाच्या उजेडात काढा आणि मागच्या बाजूचा इथं टाका. मोडी असेल तर मी वाचून देतो. मारवाडी लिपी असेल तर धामणगावच्या जुन्या पेढ्यांपैकी कुणाच्या घरी वाचणारं माणूस आहे का ते पाहावं लागेल.